स्क्रीनवर जुन्या चित्राची सावली राहिलीय? मॉनिटर बदलायच्या आधी हे करून बघा

मे महिना संपत आला की रत्नागिरी-देवगड पट्ट्यात एक तक्रार हमखास कानावर येते, मॉनिटरवर बिलाच्या सॉफ्टवेअरची सावली राहिलीय. कारण उघड आहे. आंब्याच्या सीझनला पॅकिंगच्या शेडमधला कॉम्प्युटर सकाळी चालू होतो तो रात्री शेवटचा टेम्पो सुटेपर्यंत चालूच, त्यावर अख्खा दिवस एकच विंडो उघडी, वर पत्रा तापलेला, पंखा एकच आणि तोही पेट्या भरणाऱ्या पोरांकडे वळवलेला. मग एक दिवस कोणीतरी त्याच मॉनिटरवर गाणी लावतं आणि हिरोच्या तोंडावर फिकट फिकट रकान्यांच्या रेषा दिसायला लागतात.

लोक म्हणतात स्क्रीन जळली, आणि दुकानात नेला तर तिथलाही नवीन घ्या म्हणून मोकळा होतो. पण थांबा जरा. साध्या एलसीडी मॉनिटरवर अशी सावली बहुतेक वेळा निघून जाते, एक पैसा खर्च न करता. ओएलईडीवर मात्र पक्की बसली की ती जात नाही, काहीही केलं तरी. म्हणून इलाज शोधायच्या आधी दोन गोष्टी नक्की करायच्या, ही खरंच सावली आहे का आणि आपला मॉनिटर कुठल्या जातीचा आहे. हे न बघता यूट्यूबवरचे उपाय करत सुटलात तर ओएलईडीची उलट वाट लागते, ते पुढे सांगतो.

आधी नक्की काय झालंय ते बघा

सगळ्यात सोपी टेस्ट म्हणजे स्क्रीनशॉट. सावली दिसत असताना स्क्रीनशॉट काढा आणि स्वतःलाच व्हॉट्सअ‍ॅप करून मोबाइलवर बघा. मोबाइलवरही तोच डाग त्याच जागी दिसला तर मॉनिटर निर्दोष आहे, गडबड विंडोज, ड्रायव्हर नाहीतर त्या सॉफ्टवेअरची, तिथे रीस्टार्ट करून आणि ड्रायव्हर अपडेट करून बघायचं. मोबाइलवर स्वच्छ आणि मॉनिटरवर डाग, असं असेल तर पॅनलकडे, म्हणजे मॉनिटरच्या मूळ स्क्रीनकडे वळायचं, पण त्याआधी एचडीएमआयची केबल काढून दुसऱ्या केबलने दुसरा लॅपटॉप जोडून बघा म्हणजे केबल आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही संशयातून सुटतात. लॅपटॉप नसेल तर मॉनिटरच्या स्वतःच्या बटणाने त्याचा मेनू उघडा, मेनूच्या करड्या पट्टीवर पण सावली दिसतेय का बघा, दिसली तर दोष पॅनलचाच.

आता करडा पडदा. पेंट उघडा, १९२० बाय १०८० ची फाइल करा (तुमच्या मॉनिटरचं रिझोल्यूशन वेगळं असेल तर ते घ्या), रंगाच्या खिडकीत लाल, हिरवा, निळा तिन्ही ठिकाणी १२८ टाका आणि सगळ्या फाइलमध्ये तो रंग ओता. असंच एक पांढरं, एक लाल, एक हिरवं, एक निळं, एक जवळजवळ काळं आणि एक पूर्ण काळं पान करून ठेवा, ही पानं एका फोल्डरमध्ये असली की कायम उपयोगी पडतात. मग ती फुल स्क्रीन करून, खोलीतले पडदे ओढून, थोडं लांब उभं राहून बघायचं. करड्यावर सावली सगळ्यात चांगली दिसते, पांढऱ्यावर बऱ्याचदा लपते, आणि ओएलईडीवर एखाद्याच रंगात दिसते कारण आतले तिन्ही रंग सारखे झिजत नाहीत.

आणि आकार बघा, आकार सगळं सांगतो. सावलीला सरळ कडा असतात. टास्कबारची पट्टी, आयकॉनचे चौकोन, चॅनलचा लोगो, सीसीटीव्हीच्या चार खान्यांमधला क्रॉस, कोपऱ्यातली तारीख. अक्षरं वाचता येत असतील तर प्रश्नच मिटला. ओलीचा डाग कधी असा सरळ रेषेत पसरत नाही, तो कडेकडून ढगासारखा आत येतो, त्याला वेडीवाकडी किनार असते आणि पावसाळ्यात तो वाढतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणमध्ये वाळवून परत चालू केलेल्या मॉनिटरवर जे पट्टे दिसायचे ते हेच, त्यावर खालचा एकही उपाय चालणार नाही. तसाच एक गोल पांढुरका ठिपका असतो, तो दाबाचा, टेम्पोत मॉनिटर आडवा ठेवून वर पिशवी टाकली की येतो (मॉनिटर नेहमी उभा न्यायचा, शक्यतो त्याच्याच खोक्यातून). कोपऱ्यातून उजेड फुटतो ते बॅकलाइटचं. आणि माउस हलवताना मागे शेपूट दिसते पण थांबवलं की लगेच जाते, ते पॅनलच्या वेगाचं, त्याचा सावलीशी संबंध नाही.

मॉनिटरची जात ओळखायची तर रात्री दिवे घालवून ते पूर्ण काळं पान लावा. अंधारात स्क्रीन किंचित राखाडी चमकत राहिली तर एलसीडी, आणि खोलीत मॉनिटर कुठे आहे तेच कळेनासं झालं तर ओएलईडी. खोक्यावर नुसतं एलईडी लिहिलेलं असेल तर तो एलसीडीच, फक्त मागचा दिवा एलईडीचा. ह्यात लोक फार गोंधळतात. ऑफिस, दुकान, सेवा केंद्र, लॉज ह्या ठिकाणी जे मॉनिटर दिसतात ते जवळपास सगळे एलसीडी, ओएलईडी दिसतो तो गेमिंगवाल्या पोरांकडे आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांकडे.

सावली बसते कशी

एलसीडीत दोन काचांमध्ये लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर असतो, व्होल्टेज दिलं की ते क्रिस्टल वळतात आणि मागच्या दिव्याचा उजेड कमीजास्त सोडतात. हे व्होल्टेज एकाच दिशेने दिलं तर थरातले अशुद्ध कण, म्हणजे आयन, एका बाजूला जमा होतील, म्हणून दर फ्रेमला दिशा उलटी करत राहतात. पण ती उलटापालट शंभर टक्के समसमान कधी नसते. एकच चित्र तासन्‌तास राहिलं की थोडे थोडे आयन एका बाजूला साचतात आणि चित्र बदललं तरी तिथला चार्ज पटकन उतरत नाही, मग तेवढे पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, शेजाऱ्यांपेक्षा जरा वेगळे वागतात. तीच आपल्याला दिसणारी सावली. उष्णतेत हे आयन जास्त हलतात म्हणून पत्र्याच्या शेडमध्ये हा त्रास एसीच्या ऑफिसपेक्षा लवकर होतो. पण यात काही जळलेलं नाही, साचलेलं आहे, आणि वेळ दिला की ते उतरतं.

ओएलईडीत मागे दिवा नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजेड देतो आणि देता देता झिजतो. निळा सगळ्यात लवकर. टास्कबार रोज त्याच जागी असेल तर ते पिक्सेल इतरांपेक्षा जास्त झिजले, आता ते कमी उजेड देणार. झिजलेलं परत भरून येत नाही.

जुने काचेचे डबे, म्हणजे सीआरटी, त्यात आतला फॉस्फरचा लेप खरोखर जळायचा, स्क्रीनसेव्हर त्याच काळातली सोय. कुठल्या सोसायटीच्या ऑफिसात अजून असा डबा असेल तर सावली विसरा, आणि तो उघडायला तर मुळीच जाऊ नका, बंद केल्यावरही आत जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज साठून राहतं.

एलसीडीची सावली घालवायची

पहिला उपाय इतका साधा आहे की लोकांचा विश्वास बसत नाही. मॉनिटर बंद करा. स्क्रीनसेव्हर लावून नाही, बटणाने बंद, आणि बंदच ठेवा. अंदाज असा धरा की जितका वेळ ते चित्र अडकून होतं निदान तितका वेळ तरी विश्रांती. दिवसभर बिलाची विंडो होती तर रात्रभर बंद, सकाळी करड्या पानावर बघा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. रोज थोडी थोडी साचत आलेली असेल तर शनिवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ असा लांब आराम द्या. खोली गार असली तर उत्तम, निदान उन्हाच्या खिडकीतून बाजूला तरी घ्या.

तरी राहिली तर मॉनिटरला कामाला लावायचं. मघाशी केलेलं पांढरं पान फुल स्क्रीन करा, ब्राइटनेस मध्यम ठेवा, स्लीप तात्पुरतं बंद करा आणि काही तास सोडून द्या. टास्कबार दिसता कामा नये, नाहीतर अख्खी स्क्रीन सुधारते आणि तीच पट्टी तशीच राहते. ह्याने फरक पडला पण पूर्ण गेली नाही तर पांढरं, करडं, लाल, हिरवं, निळं ही पाचही पानं एका फोल्डरमधून स्लाइड शोवर लावा, म्हणजे प्रत्येक पिक्सेलला सारखं वर-खाली जावं लागतं. सतत हलणारा, सगळी स्क्रीन भरणारा व्हिडिओ पण चालतो, फक्त वरखाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा नको, आणि कोपऱ्यात लोगो असलेलं न्यूज चॅनल तर नकोच नको, एक सावली घालवताना दुसरी बसायची.

पटापट रंग उडवणारे व्हिडिओ आणि वेबसाइट मिळतात, खरं तर त्या अडकलेल्या एकट्या पिक्सेलसाठी असतात, पण सावलीवरही लोक वापरतात. वापरायचं तर मॉनिटर भिंतीकडे तोंड करून ठेवा. तसल्या झगझगाटाने फिट येणाऱ्या माणसाला झटका येऊ शकतो, आणि दुकानात कोण येईल-जाईल सांगता येत नाही.

क्रम असा ठेवा, रात्रभर बंद, दिवसा काही तास रंग, परत रात्रभर बंद, आणि रोज एकाच वेळी एकाच उजेडात करड्या पानाचा मोबाइलने फोटो काढा. फोटो यासाठी की डोळा फसवतो, एकदा डाग दिसला की नसला तरी दिसत राहतो. फोटोतला डाग दिवसेंदिवस फिका होत असेल तर चालू ठेवा. आठवडाभर काडीचा फरक नाही म्हटल्यावर समजा की हा साचलेला चार्ज नाही, पॅनलच बिघडलंय, वर्षानुवर्षं चोवीस तास चाललेल्या पॅनलमध्ये असं कायमचं पण होतं.

काय करायचं नाही तेही सांगतो. डागावर अंगठ्याने दाबायचं नाही, दाबाचा ठिपका फुकटात मिळेल. हेअर ड्रायर मारायचा नाही. उन्हात ठेवायचा नाही, पापड सुकत घालतो तसं मॉनिटर अंगणात ठेवणारी माणसं आहेत. स्पिरिट, कोलीन, सॅनिटायझर काही लावायचं नाही, सावली काचेच्या आत आहे, बाहेरून घासून जाईल ते फक्त वरचं कोटिंग.

ओएलईडी असेल तर

वरचं सगळं विसरा. पांढरं पान तासन्‌तास लावणं म्हणजे उरलेले चांगले पिक्सेलपण झिजवणं. नेटवर एक आयडिया फिरते की उलट्या रंगांचं चित्र लावून बाकीची स्क्रीन तेवढीच झिजवा म्हणजे डाग दिसणार नाही, तर अख्खा सदरा विटवून डाग लपवण्यातला हा प्रकार आहे.

ओएलईडीतही थोडी तात्पुरती सावली येते, ती मॉनिटर स्वतःच काढतो. साधारण चार तास वापर झाला की तो पिक्सेल रिफ्रेश मागतो, काही मिनिटांचं काम, आणि ते तो स्टँडबायमध्ये गेल्यावर करतो. आणि इथेच आपल्याकडे घोळ होतो. कोकणात झोपायच्या आधी बोर्डाचं बटण बंद करायची सवय लहानपणापासूनची, मे-जूनला आणि परत ऑक्टोबरला आकाश गडगडायला लागलं की तर प्लगच उपटून ठेवतात, आणि बरोबरच करतात. पण मॉनिटरची वीजच गेली तर रिफ्रेश कधी होणार? तेव्हा काम संपलं की पीसी शटडाउन करा, मॉनिटर स्टँडबायला जाऊ दे, त्याचा दिवा किंवा मेसेज काय सांगतो ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या, रिफ्रेश संपला की मग बोर्डाचं बटण. गडगडाट सुरूच झाला असेल तर रिफ्रेश गेला खड्ड्यात, प्लग काढा. दुसऱ्या दिवशी मेनूतून हाताने चालवता येतो. मोठा पॅनल रिफ्रेश वेगळा असतो, तो मॉनिटर स्वतः मागेल तेव्हाच करायचा, डाग दिसला म्हणून रोज रोज नाही. आणि मध्येच लाइट जायची भीती असेल तर मॉनिटर यूपीएसवर घ्या.

मेनूत पिक्सेल शिफ्ट, लोगो डिमिंग अशा नावांचे पर्याय असतात, स्क्रीन आपोआप मंद होते म्हणून वैतागून लोक ते बंद करतात. बंद करू नका. ब्राइटनेस कामापुरता ठेवा, एचडीआर, म्हणजे जास्त झगझगीत चित्राचा मोड, सिनेमा-गेमपुरता.

दिवसभर टॅली, एक्सेल, सात-बाराचे पीडीएफ असंच काम असेल तर माझं स्पष्ट मत, ओएलईडी घेऊच नका, कितीही सेल असला तरी.

सीसीटीव्हीचा मॉनिटर

तारकर्ली-मालवणकडे होमस्टेच्या काउंटरमागे जो मॉनिटर असतो त्याची अवस्था सगळ्यात वाईट. चार किंवा आठ खाने, मधल्या रेषा, कॅमेऱ्यांची नावं, तारीख-वेळ, सगळं चोवीस तास, बारा महिने. मालकांना मॉनिटर रात्री बंद करा म्हटलं की ठरलेला प्रश्न येतो, "मॉनिटर बंद केलो तर कॅमेरे बंद पडतले मा रे?" नाही पडत. रेकॉर्डिंग डीव्हीआर करतो, म्हणजे कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे जातात तो डबा, मॉनिटर फक्त बघायला. मॉनिटर काढून माळ्यावर टाकला तरी रेकॉर्डिंग चालूच राहील. फक्त एक पथ्य, मॉनिटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा, एक्स्टेंशन बोर्डाच्या बटणाने नाही, कारण त्याच बोर्डावर डीव्हीआर पण लावलेला असतो आणि मग खरंच सगळं बंद पडतं.

डीव्हीआरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये खाने आलटून पालटून दाखवायचा पर्याय असतो, कुठे सिक्वेन्स म्हणतात कुठे टूर, तो लावा म्हणजे रेषा एका जागी राहत नाहीत. लाइव्ह व्ह्यूवरची नावं काढून टाका, तुमचं गेट तुम्हाला ओळखू येतंच. डीव्हीआर सतत सिग्नल देत असतो त्यामुळे मॉनिटर आपणहून झोपत नाही, त्याच्या मेनूत ऑफ टायमर असेल तर वापरा, नाहीतर मॉनिटरच्या प्लगला टायमरवाला सॉकेट लावा. ब्राइटनेस तर जवळजवळ सगळीकडे कारखान्यातून आला तसाच चढा असतो, काउंटरच्या सावलीत त्याच्या निम्माही पुरतो.

परत बसू नये म्हणून

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टीम, पॉवर इथे जाऊन स्क्रीन बंद व्हायची वेळ पाच-दहा मिनिटं करा. स्क्रीनसेव्हरपेक्षा हे केव्हाही चांगलं, स्क्रीनसेव्हरमध्ये एलसीडीचा दिवा चालूच राहतो, वीज जाते ती जातेच. पर्सनलायझेशनमध्ये टास्कबारच्या बिहेवियरमध्ये ऑटोमॅटिकली हाइड करा, पहिले दोन दिवस हात चुकतो मग सवय होते. डेस्कटॉपवर राइट क्लिक, व्ह्यू, तिथून आयकॉन लपवता येतात, आणि वॉलपेपर स्लाइड शोवर. जेवायला उठताना विंडोज आणि एल दाबायचं, लॉक पण होतं आणि थोड्या वेळात स्क्रीन पण जाते.

बिलाच्या काउंटरवर स्क्रीन बंद होणं परवडत नाही हे मान्य, गिऱ्हाईक समोर उभं असतं. तिथे निदान विंडो मधूनमधून लहान-मोठी करा, जागा हलवा, सॉफ्टवेअरमध्ये रंग बदलायची सोय असेल तर काळ्यावर पांढरं असला टोकाचा फरक नसलेला रंग निवडा.

समुद्राजवळ घर असेल तर आणखी एक. खाऱ्या वाऱ्याने स्क्रीनवर एक चिकट पातळ थर बसतो आणि मागच्या जाळीत धूळ अडकून ती पण चिकट होते, मग हवा खेळत नाही आणि पॅनल तापतं. मागची जाळी मऊ ब्रशने मोकळी करा, भिंतीपासून चार बोटं जागा सोडा. स्क्रीन पुसायची तर बंद करून, गार झाल्यावर, मायक्रोफायबरचं फडकं डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम दमट करून, आणि पाणी फडक्यावर घ्यायचं, स्क्रीनवर कधी नाही. कोरडं घासू नका, मिठाचे कण ओरखडे काढतात. पावसाळ्यात बरेच दिवस बंद असलेला मॉनिटर दमट खोलीतून काढून लगेच चालू करू नका, पंख्याच्या वाऱ्यावर काही तास राहू दे.

गेलीच नाही तर, आणि जुना घेताना

वॉरंटी असेल तर कार्डावरचा बारीक मजकूर वाचा. काही कंपन्या ओएलईडीचं बर्न-इन, म्हणजे पक्की बसलेली सावली, कव्हर करतात, काही स्पष्ट नाही म्हणतात, आणि दुकानाचं बिल जपलेलं नसेल तर बोलणंच खुंटतं. फोनवर बोलण्याआधी करड्या पानाचे तारीखवार फोटो तयार ठेवा, मॉनिटर पाठवायचा झाला तर मूळ खोकं लागेल. वॉरंटी नसेल तर पॅनल बदलायच्या भानगडीत पडू नका, साध्या मॉनिटरचं पॅनल आणि मजुरी मिळून नव्या मॉनिटरच्या जवळपास जातं. सावली फिकी असेल आणि काम आकड्यांचंच असेल तर चालवा की तसाच, सीसीटीव्हीला लावा, तिथे कोणाला दिसतेय.

सेकंड हँड घेत असाल तर विकणारा हमखास सुंदर रंगीत वॉलपेपर लावून दाखवतो, समुद्र, सूर्यास्त वगैरे. तुम्ही पेन ड्राइव्हवर ती पानं घेऊन जा, करडं पान लावा आणि अर्धा तास गप्पा मारा, चहा घ्या, कारण नुकत्याच चालू केलेल्या पॅनलवर सगळे दोष लगेच दिसत नाहीत. मग टास्कबारची जागा, वरचा डावा कोपरा आणि स्क्रीनच्या मधोमध उभी-आडवी रेष बघा. मधोमध क्रॉस दिसला तर तो मॉनिटर कुठल्या तरी लॉजच्या काउंटरवरून आलाय, भाव अर्ध्यावर आणा नाहीतर उठा.